फँटसी की सायफाय? 'निर्णय तुमचा' म्हणणारे आरपीजी गेम्स कुठे जिंकतात आणि कुठे फसतात

नेटफ्लिक्सवरची 'द विचर' आणि प्राइम व्हिडिओवरची 'फॉलआउट' या मालिका तुमच्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. पाहिल्या नसतील, तर निदान त्यांचे मीम्स तरी इन्स्टावर समोर आले असतील. यातली 'द विचर' पोलिश लेखक आंद्रेज सापकोव्स्की यांच्या पुस्तकांवर बेतलेली आहे, पण हे नाव जगभर पोचवण्यात गेम्सचा वाटा मोठा. 'फॉलआउट'चा तर उगमच १९९७ सालच्या एका कॉम्प्युटर गेममध्ये आहे. एप्रिल २०२४ मध्ये मालिका आली आणि कित्येक वर्षं जुने फॉलआउट गेम्स पुन्हा विकले जाऊ लागले.

हे दोन्ही गेम्स एकाच जातकुळीतले. रोल-प्लेइंग गेम, थोडक्यात आरपीजी. एकात तलवार, जादू आणि राक्षस, तर दुसऱ्यात अणुयुद्धानंतरचं उजाड जग आणि रोबो. आश्वासन मात्र दोघांचं सारखंच असतं: इथे निर्णय तुम्ही घेणार आणि कथा त्याप्रमाणे वळणार.

हे आश्वासन कितपत पाळलं जातं? फँटसीत जास्त की सायफायमध्ये? आणि एका गेमवर ५०-१०० तास ओतण्याआधी काय माहीत असायला हवं? तेच बघूया. एक सूचना आधीच देऊन ठेवतो: विषय नीट समजावा म्हणून 'द विचर ३' आणि 'मास इफेक्ट' या गेम्सच्या कथेतली काही वळणं उघड करावी लागली आहेत. खेळायचे बाकी असतील तर जपून वाचा.

आरपीजी म्हणजे नेमकं काय?

बीजीएमआय खेळतानाही तुम्ही एक पात्र चालवता, पण मॅच संपली की त्या मॅचमध्ये गोळा केलेलं सगळं संपतं. पुढच्या मॅचला पुन्हा रिकाम्या हातानं विमानातून उडी. आरपीजीमध्ये पात्र तुम्ही घडवता. ते बोलण्यात पटाईत असेल, चोरीत की मारामारीत, हे तुम्ही ठरवता. ते हळूहळू वाढतं, शिकतं, आणि त्यानं काय केलं हे गेम लक्षात ठेवतो. निदान ठेवायला हवं.

याचं मूळ कॉम्प्युटरमध्ये नाही, टेबलावर आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ आणला. 'स्ट्रेंजर थिंग्ज'मधली पोरं तळघरात बसून खेळतात तोच. चार-पाच मित्र टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एक पात्र होतो आणि एक जण सूत्रधार. त्याला डंजन मास्टर म्हणतात. तो प्रसंग सांगतो, खेळाडू काय करायचं ते सांगतात आणि जमलं की नाही ते फासा ठरवतो.

समजा सूत्रधारानं तुमच्यासमोर एक दरोडेखोर उभा केला आणि तुम्ही म्हणालात, "मी त्याला जेवायला बोलावतो." सूत्रधार दोन सेकंद डोकं खाजवेल, पण गोष्ट पुढे नेईल. कॉम्प्युटरला ते जमत नाही. कुणी तरी आधी बसून 'जेवायला बोलावा' हा पर्याय लिहिला असेल, त्या दरोडेखोराचं उत्तर लिहिलं असेल, कलाकाराकडून ते रेकॉर्ड करून घेतलं असेल, तरच तो पर्याय तुम्हाला दिसेल. आरपीजी गेम्सची जवळपास सगळी ताकद आणि जवळपास सगळी दुखणी या एका फरकातून येतात.

पुढे १९८१ साली 'विझार्ड्री' आला, जपानमध्ये १९८६ साली 'ड्रॅगन क्वेस्ट' आणि १९८७ साली 'फायनल फँटसी'. सुरुवातीच्या या बहुतेक गेम्सनी टेबलावरच्या खेळातलं आकड्यांचं गणित उचललं, कारण कॉम्प्युटरला तेच सोपं होतं. माणसासारखं ऐकणारा सूत्रधार मात्र अजूनही कुणाला पूर्ण जमलेला नाही.

फँटसीला आयता मिळालेला फायदा

फँटसी आरपीजीचं जग समजावून सांगावं लागत नाही. राजा, जंगल, चेटकीण, शापित विहीर, मारुतीच्या ताकदीचा एखादा योद्धा... हे सगळं आपण आजीच्या गोष्टींतूनच घेऊन आलेलो असतो. पहिल्या दहा मिनिटांत खेळाडू त्या जगात रुळतो.

दुसरा फायदा फारसा बोलला जात नाही: त्या जगात फोन नसतो. मुलगी हरवली तर तिला शोधायला स्वतः जावं लागतं, वाटेतल्या गावात थांबावं लागतं, लोकांना विचारावं लागतं. आरपीजीला नेमकं हेच हवं असतं. प्रवास आपोआप कथेचा भाग होतो.

याचा सगळ्यात चांगला वापर मला २०१५ सालच्या 'द विचर ३: वाइल्ड हंट'मध्ये दिसतो. सीडी प्रोजेक्ट रेड या पोलंडच्या कंपनीचा हा गेम, ५ कोटींहून जास्त प्रती विकला गेलेला. नायक गेराल्ट पैसे घेऊन राक्षस मारतो. त्याला सिरी या मुलीचा शोध घ्यायचाय आणि तिच्याबद्दलची माहिती एका जहागीरदाराकडे आहे, ज्याला सगळे 'ब्लडी बॅरन' म्हणतात. बॅरनची अट अशी, की आधी माझी हरवलेली बायको आणि मुलगी शोधून दे.

शोध घेताना कळतं की बॅरन दारूडा आहे, बायकोला मारायचा आणि म्हणूनच दोघी पळाल्या. बायको अ‍ॅना दलदलीतल्या तीन चेटकिणींच्या तावडीत आहे. तिथेच काही अनाथ मुलं आहेत, जी चेटकिणींचं भक्ष्य होणार आहेत. दरम्यान एका टेकडीखाली झाडाच्या मुळांत अडकलेला आत्मा गेराल्टला म्हणतो, मला सोडव, मी मुलांना वाचवतो. तो खरं बोलतोय की नाही, हे कळायला मार्ग नाही.

सोडवलं, तर मुलं वाचतात, पण अ‍ॅना मरते आणि बॅरन गळफास घेतो. मारलं, तर मुलं जातात, अ‍ॅना जगते पण भान हरपून, आणि बॅरन तिला घेऊन दूरच्या एका वैद्याकडे निघतो. यात 'बरोबर' उत्तर नाही. आणि परिणाम लगेच दिसत नाही, बराच वेळ खेळल्यावर समोर येतो. तोपर्यंत मागे जाऊन निर्णय बदलण्याची सोय जवळजवळ संपलेली असते. गेमनं तुम्हाला फसवलेलं नसतं, शिक्षाही केलेली नसते. तुम्ही अर्धवट माहितीवर निर्णय घेतलात, एवढंच.

पात्र चांगलं की वाईट हे मोजणारी पट्टीही या गेममध्ये नाही. ती नसण्याचं महत्त्व पुढे कळेल.

मग फँटसीचं दुखणं कुठे आहे?

आयतं मिळालेलं जग आयतंच वापरायची सवय. टॉल्किन यांच्या पुस्तकांतले एल्फ, बुटके आणि ऑर्क 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये आले, तिथून कॉम्प्युटरवर आले आणि आज पन्नास वर्षांनंतरही तेच चाललंय. एल्फ म्हणजे देखणे आणि गर्विष्ठ, बुटके म्हणजे खाणीत राहणारे आणि दारू पिणारे, ऑर्क म्हणजे जन्मतःच दुष्ट. एक अख्खी जमात जन्मानंच वाईट असते, हे पटवून घेऊन तलवार चालवायची. काही गेम्सनी हे उलटवलंय. २००९ सालच्या 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स'मध्ये शहरातले एल्फ भिंतीआडच्या वेगळ्या वस्तीत राहतात, माणसांकडे नोकर म्हणून राबतात, आणि तुम्ही त्या वस्तीत जन्मलेलं पात्र निवडलंत तर तुमचा गेमच अपमानानं सुरू होतो. महाराष्ट्रातल्या वाचकाला गावकुसाबाहेरची वस्ती वेगळी समजावून सांगायची गरज नाही. पण असे गेम्स कमी.

दुसरं दुखणं 'निवडलेला एक' या कल्पनेचं. भविष्यवाणी झालेली असते आणि तो तारणहार तुम्हीच असता. २०११ सालच्या 'स्कायरिम'चं जग आजही भटकायला भारी आहे. एका डोंगरावरून समोर जे दिसतं तिथे चालत जाता येतं, ही त्या काळात जादूच होती. पण त्याच गेममध्ये तुम्हाला जेमतेम दोन-चार मंत्र येत असले तरी तुम्ही जादूगारांच्या कॉलेजचे प्रमुख होऊ शकता. त्याच वेळी चोरांच्या टोळीचे म्होरके आणि योद्ध्यांच्या संघटनेचेही नेते. कुणाला काही आक्षेप नाही. आणि एवढं सगळं झाल्यावरही गावातला पहारेकरी तुम्हाला रस्त्यावरच्या पोराशी बोलावं तसा बोलतो. सगळं करता येतं, पण केल्यानं काही बदलत नाही.

सायफाय आरपीजी वेगळं काय देतात?

थेट प्रश्न. फँटसीतलं संकट बहुतेकदा प्राचीन असतं, झोपलेला राक्षस जागा होतो वगैरे. सायफायमधलं संकट कुणी तरी केलेलं असतं, कुठल्या तरी समितीत ठरवून, कुठल्या तरी प्रयोगशाळेत बसून. त्यामुळे 'हे कुणी केलं आणि का' हे विचारावंच लागतं.

'मास इफेक्ट' ही बायोवेअर कंपनीची त्रयी (२००७, २०१०, २०१२) याचं उत्तम उदाहरण आहे. त्यात क्रोगन नावाची एक लढाऊ जमात आहे. एका मोठ्या युद्धात शत्रूशी लढायला दुसऱ्या प्रगत जमातीनं, म्हणजे सालारियन लोकांनी, त्यांना तंत्रज्ञान देऊन पुढे आणलं. युद्ध जिंकल्यावर क्रोगनांची संख्या वाढत गेली, ते इतरांच्या ग्रहांवर पसरू लागले आणि त्यांच्याशीच युद्ध पेटलं. मग सालारियन वैज्ञानिकांनी 'जेनोफेज' बनवला आणि ट्युरियन सैन्यानं तो क्रोगनांवर सोडला. त्यानंतर क्रोगनांची बहुतेक बाळं मृतच जन्माला येऊ लागली. कुणाला गोळी घातली नाही, फक्त एका जमातीचं भविष्य बंद केलं.

तुमच्या जहाजावर मॉर्डिन नावाचा सालारियन शास्त्रज्ञ आहे. भरभर बोलणारा, विनोदी, अतिशय आवडेल असा. जेनोफेजचा परिणाम ओसरू लागला तेव्हा तो पुन्हा प्रभावी करणाऱ्या गटात तो होता. तो आधी आकडेवारी देऊन समर्थन करतो. मग दुसऱ्या भागात त्याच्याच एका जुन्या विद्यार्थ्यानं यावर उपाय शोधण्यासाठी क्रोगनांवर केलेले भयंकर प्रयोग समोर येतात. त्या प्रयोगांची माहिती ठेवायची की नष्ट करायची, हे तुम्ही ठरवता.

तिसऱ्या भागात त्या निर्णयाची किंमत कळते. माहिती नष्ट केली असेल, तर उपायासाठी महत्त्वाची असलेली आणि आपल्या लोकांना शांततेकडे नेऊ शकणारी एक क्रोगन स्त्री मरते. क्रोगनांचा समजूतदार नेता रेक्स पहिल्याच भागात तुमच्या हातून गेला असेल, तर त्याच्या जागी सूडाची भाषा करणारा त्याचा भाऊबंद असतो. आणि त्याच वेळी सालारियन नेतृत्व गुपचूप सांगतं, की उपाय निकामी कर, आम्ही तुला युद्धात मदत करू. पाच वर्षांच्या अंतरानं आलेल्या तीन गेम्समधून एकच सेव्ह फाइल पुढे नेत खेळाडू इथपर्यंत पोचतो. अशी लांबवर जाणारी साखळी गेम्समध्ये फार कमी वेळा जमलीय.

याच 'मास इफेक्ट'मध्ये एक चूकही आहे. चांगुलपणाचे गुण 'पॅरागॉन' आणि दांडगाईचे 'रेनेगेड', असे वेगवेगळे मोजले जातात. एका बाजूचे गुण भरपूर झाले की खास संवाद उघडतात. परिणाम असा, की बरेच खेळाडू प्रसंग वाचतच नाहीत. निळा पर्याय दिसला की निळा दाबायचा. जेनोफेजसारखा प्रश्न असो की दुकानदाराशी घासाघीस, निळं ते बरोबर. विचार करायला लावणाऱ्या गेमनंच विचार न करण्याचा शॉर्टकट दिला. 'द विचर ३'मध्ये अशी पट्टी नसण्याचं महत्त्व ते हेच.

अंतराळ मोठं, पण भरायचं कशानं?

२०२३ मध्ये महिनाभराच्या अंतरानं दोन मोठे आरपीजी आले. ३ ऑगस्टला बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजचा 'बॉल्डर्स गेट ३' आणि ६ सप्टेंबरला बेथेस्डाचा 'स्टारफील्ड'. एक फँटसी, एक सायफाय. दोन्ही प्रकारांची तुलना करायला यापेक्षा चांगली जोडी नाही.

'स्टारफील्ड'चा गाजावाजा होता १,००० हून जास्त ग्रहांचा. एवढे ग्रह हातानं सजवणं अशक्य, म्हणून बरेचसे भूभाग कॉम्प्युटर नियमांनुसार आपोआप तयार करतो. पहिले काही तास डोळे विस्फारतात. मग तुम्ही एका ग्रहावरच्या बेवारस प्रयोगशाळेत शिरता, तीच खोली, तेच टेबल, तीच चिठ्ठी... अरे, हे तर मागच्या ग्रहावर पाहिलं होतं! आणि ग्रहावरून ग्रहावर जाताना मध्ये लोडिंग स्क्रीन. फँटसीत प्रवासातच कथा घडत होती, इथे प्रवासच गायब झाला.

'बॉल्डर्स गेट ३' त्यामानाने छोट्या मुलखात घडतो. काही जंगलं, काही गुहा, एक शहर. पण जिथे जाल तिथे कुणी तरी विचार करून ठेवलाय. मेलेल्या माणसाशी बोलण्याचा मंत्र आहे, आणि ज्याला तुम्हीच मारलंत तो तुमच्याशी बोलायला नकार देतो. प्राण्यांशी बोलता येतं, आणि त्यांनाही सांगण्यासारखं काही तरी असतं. लॅरियननं दिलेला आकडा होता १७४ तासांहून जास्त संवाददृश्यांचा. यातलं बरंचसं एका खेळाडूला एका खेपेत दिसणारच नाही, हे माहीत असूनही त्यांनी ते बनवलं. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये 'गेम ऑफ द इयर' तोच ठरला. अर्थात तोही निर्दोष नव्हता. शेवटच्या भागात, म्हणजे शहरात पोचल्यावर, तो अनेकांच्या कॉम्प्युटरवर अडखळत होता आणि कथेचे काही धागे घाईत गुंडाळल्यासारखे वाटत होते. बऱ्याच गोष्टी नंतरच्या अपडेट्समध्ये दुरुस्त झाल्या.

यावरून 'फँटसी भारी, सायफाय भंगार' असा निष्कर्ष काढू नका. सायफायनं छोटं जग निवडलं की तेही जमतं. १९९७ सालचा पहिला 'फॉलआउट' त्याची साक्ष आहे. तुमच्या भूमिगत वसाहतीची पाणी शुद्ध करणारी चिप बिघडलीय, १५० दिवसांत नवी आणा. खरोखर दिवस मोजले जातात. पात्र बनवताना बुद्धिमत्ता अगदी कमी ठेवलीत, तर तुमच्या पात्राला धड बोलताही येत नाही आणि लोक तुमच्याशी तसंच वागतात. म्हणजे गेमच्या मोठ्या भागाचे संवाद वेगळे लिहिलेले. हे काम त्या काळातल्या एका छोट्या टीमनं केलं.

निर्णयांचं गणित इतकं महाग का पडतं?

एक साधा हिशेब करू. कथेत १० निर्णय आहेत, प्रत्येकात २ पर्याय. प्रत्येक पर्यायानं कथा पूर्ण वेगळ्या वाटेनं गेली, तर शेवटी १,०२४ वेगवेगळ्या कथा लिहाव्या लागतील. त्यांचे संवाद, आवाज, दृश्यं, चाचण्या, सगळं. हे कुणालाच परवडत नाही.

म्हणून लेखक एक युक्ती करतात. वाट फुटते, थोडी वेगळी जाते आणि पुढे पुन्हा मुख्य रस्त्याला मिळते. चांगल्या गेममध्ये हे मिळणं जाणवत नाही. वाईट गेममध्ये लगेच जाणवतं. 'सायबरपंक २०७७'मध्ये सुरुवातीला तीन पार्श्वभूमींतून एक निवडता येते: भटक्या टोळीतला, रस्त्यावर वाढलेला की मोठ्या कंपनीतला अधिकारी. तिघांची सुरुवात खरंच वेगळी आहे. पण थोड्या वेळात तिघंही त्याच मित्रासोबत, त्याच कामावर निघतात आणि पुढे निवड उरते ती मधूनमधून येणाऱ्या एखाद्या जादा संवादापुरती.

याच गेमनं दुसराही धडा दिला. १० डिसेंबर २०२० ला तो आला तेव्हा जुन्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर इतका मोडकळीस आलेला होता, की आठवडाभरात सोनीनं तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला आणि पैसे परत द्यायला सुरुवात केली. तो परतला जून २०२१ मध्ये. सप्टेंबर २०२३ मध्ये '२.०' अपडेट आणि पाठोपाठ 'फँटम लिबर्टी' हा नवा भाग आला, तेव्हा कुठे लोक म्हणू लागले की हा गेम आता व्हायला हवा होता तसा झालाय. जितके निर्णय जास्त, तितक्या शक्यता जास्त आणि तितके बिघाडही जास्त. नवा आरपीजी पहिल्याच दिवशी घेऊ नका असं जुने गेमर्स सांगतात, त्यामागे हे कारण आहे.

आणि शेवट? तीन गेम्स निर्णयांचं ओझं सांभाळत आलेल्या 'मास इफेक्ट ३'नं शेवटी काय दिलं, तर तीन पर्याय आणि तीन रंगांचे जवळपास सारखे दिसणारे स्फोट. लाल, निळा, हिरवा. चाहते इतके भडकले की कंपनीला जून २०१२ मध्ये वाढवलेला शेवट फुकट द्यावा लागला. माझं मत विचाराल, तर त्या रागात थोडा आततायीपणा होता, पण मुद्दा चुकीचा नव्हता. वचनच तसं दिलं होतं.

दोन्हीकडे सारखीच असलेली डोकेदुखी

जग बुडतंय, त्वरा करा, असं गेम सांगतो. आणि तुम्ही? पत्ते खेळत बसता. 'द विचर ३'मध्ये सिरीच्या जिवावर बेतलेलं असताना गेराल्ट गावोगावच्या खानावळीत 'ग्वेंट'चे डाव मांडतो. २०१५ च्याच 'फॉलआउट ४'मध्ये तुमचं तान्हं बाळ पळवून नेलेलं असतं आणि तुम्ही वस्त्यांसाठी पलंग आणि कुंपणं बनवत असता. फिरण्याचं स्वातंत्र्य आणि कथेतली घाई एकत्र नांदत नाहीत. पहिल्या 'फॉलआउट'सारखी खरी मुदत घातली, तर खेळाडू वैतागतात. त्यामुळे बहुतेक गेम्स घाईचं फक्त नाटक करतात.

दुसरी गोष्ट, सेव्ह आणि लोड. फासा वाईट पडला की एफ८ दाबायचं आणि पुन्हा टाकायचा. 'बॉल्डर्स गेट ३' खेळणाऱ्या कुणीही हे केलेलं नाही असं होणारच नाही. पण त्यामुळे अपयशातून येणारी कथा तुम्हाला कधी भेटतच नाही. २०१९ सालच्या 'डिस्को इलिझियम'नं यावर छान उत्तर शोधलं. स्मृती गमावलेल्या, दारूनं उद्ध्वस्त झालेल्या एका पोलिसाची ही गोष्ट. यात मारामारी जवळजवळ नाहीच, आहेत ते दहा लाखांहून जास्त शब्द. आणि फासा चुकला की इतकं मजेशीर किंवा इतकं केविलवाणं काही घडतं, की लोड करावंसं वाटत नाही.

'फुकट' आरपीजीचा हिशेब

कॉम्प्युटर नसलेल्यांची आरपीजीशी पहिली गाठ फोनवर पडते, बहुतेकदा 'गेन्शिन इम्पॅक्ट'सारख्या गेममधून. सप्टेंबर २०२० मध्ये आलेला हा चिनी गेम दिसायला अप्रतिम आहे आणि कथा पुढे नेण्यासाठी पैसे लागत नाहीत. पैसे लागतात ते नवी पात्रं मिळवायला. तीही थेट विकत मिळत नाहीत, सोडतीत निघतात. पाच तारे असलेलं पात्र एका सोडतीत निघण्याची मूळ शक्यता ०.६ टक्के. ९० व्या सोडतीपर्यंत एक नक्की मिळतं, पण ते तुम्हाला हवं तेच असेल याची पहिल्या वेळी खात्री नाही.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनसोबत झालेल्या तडजोडीत या गेमच्या कंपनीनं २ कोटी डॉलर भरायचं आणि १६ वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या संमतीशिवाय अशा सोडती न विकायचं कबूल केलं. घरात लहान भावंड हा गेम खेळत असेल आणि फोनला यूपीआय किंवा कार्ड जोडलेलं असेल, तर एकदा बघून घ्या. इथे निर्णय कथेतला नसतो, खिशातला असतो.

मराठीत का नाही?

या लेखात आलेल्या गेम्सपैकी एकही अधिकृतपणे मराठीत उपलब्ध नाही. दहा लाख शब्दांचा गेम इंग्रजीत खेळणं हे सगळ्यांना जमणारं काम नाही, आणि आरपीजीमध्ये संवाद कळला नाही तर निर्णयाला अर्थच राहत नाही. शूटिंग गेमला भाषा लागत नाही, याला लागते. भारतात आरपीजी मागे का, याची चर्चा महाग कॉम्प्युटरवर येऊन थांबते, पण भाषेचा अडसर तेवढाच मोठा आहे असं मला वाटतं.

पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओनं २०२० मध्ये 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' आणला. भारतीय पुराणकथा आणि राजस्थानी धाटणीचे महाल असलेला हा गेम जगभर पोचला. पण तो आरपीजी नाही, अ‍ॅक्शन-अ‍ॅडव्हेंचर आहे. कथा एकाच वाटेनं जाते. वरचं १,०२४ चं गणित आठवलं, तर छोट्या स्टुडिओला हीच वाट का झेपते ते लक्षात येईल.

सुरुवात करायची तर कुठून?

फक्त फोन असेल तर 'स्टार वॉर्स: नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक' बघा. २००३ सालचा गेम आहे, फोनवर मिळतो, एकदाच पैसे भरायचे. १९९९ सालचा 'प्लेनस्केप: टॉरमेंट'ही फोनवर आहे. लिखाण अफाट, लढाया कंटाळवाण्या, वाचायची आवड असेल तरच घ्या. बऱ्यापैकी कॉम्प्युटर असेल तर 'द विचर ३', आणि तोही सेलमध्ये, कारण तो वारंवार स्वस्त होतो. त्याची मुख्य कथाच सुमारे ५० तासांची आहे, तेव्हा परीक्षेच्या आधी हात लावू नका. 'बॉल्डर्स गेट ३' घ्यायचा तर आधी डिस्कवर १५० जीबी मोकळी आहे का ते तपासा.

स्टीमवर घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परत करता येतो. आरपीजीमध्ये इथेच गोची होते. पात्राचं नाक किती लांब असावं हे ठरवण्यातच पाऊण तास जातो, उरलेला वेळ तलवार कशी धरायची ते शिकण्यात. खरा गेम कसा आहे ते कळेपर्यंत दोन तास उलटून गेलेले असतात. त्यामुळे परत करण्याच्या भरवशावर घेऊ नका. आधी यूट्यूबवर कुणाचा तरी खेळ बघा, पण सुरुवातीचा नको, मधला तासभर. गेमचा खरा रंग तिथेच कळतो.